नाकावरचा फेस

मी एक जुनं कासव आहे. जुनं म्हणजे फार म्हातारं असं नाही. आमच्यात माझ्या वयाच्या कासवाला कोणी आजोबा म्हणणार नाही. पण चौदा वर्षं केस कापायच्या दुकानात, काचेच्या टाकीत काढली की कोणीही जुनं होतं. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी हकीकत सांगणार आहे. ती गोड नाही. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

माझा जन्म वाळूच्या खोक्यात झाला आणि बालपण सिमेंटच्या हौदात गेलं. हौद उथळ होता आणि पिल्लं शेकड्यांनी होती. एकाच्या पाठीवर दुसरं, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरं. वरची पिल्लं खालच्यांच्या अंगावर जे करायचं ते सगळं करत. मी बरेच दिवस खालचा होतो. पाण्याचा रंग हिरवा, आणि ते पाणी अंगाला लागलं की लवकर सुटत नसे. तेव्हाच मला घाणीची जाण आली. पुढे ती कमी व्हायला हवी होती, पण वाढतच गेली.

मग मला झाकणाच्या प्लास्टिकच्या पेल्यात घालून फुटपाथवर विकायला ठेवलं. एका बाजूला कंगवे, दुसऱ्या बाजूला फुगे, मधे मी. एका गृहस्थाने आपल्या मुलीसाठी मला घेतलं. आठ दिवस ती मुलगी माझ्याशी खेळली, नवव्या दिवशी म्हणाली, "बाबा, याला वास येतो." मित्रांनो, वास मला येत नव्हता. वास न बदललेल्या पाण्याला येत होता. पण पाण्याला कोण नावं ठेवतं? तो गृहस्थ मला पिशवीत घालून दाढीला आला, पिशवी आरशासमोर ठेवली आणि दाढी झाल्यावर न्हाव्याला म्हणाला, "जरा असू द्या इथे. कोपऱ्यावर जाऊन आलोच."

त्या दाढीला चौदा वर्षं झाली. तो अजून कोपऱ्यावरून आलेला नाही.

न्हाव्याने दोन दिवस वाट पाहिली आणि मग माझ्यासाठी काचेची टाकी आणली. त्याला सगळे फेसदादा म्हणत. दाढीचा साबण तो असा काही घोळायचा की गिऱ्हाइकाचं अर्धं तोंड ढगात जायचं. दुकान छोटंसंच होतं. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन मोठे आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. दुसऱ्या आरशाखालच्या फळीवर माझी टाकी. समोरासमोर आरसे असल्यामुळे एका कासवाची वीस कासवं दिसत.

फेसदादा कामात चोख होता. प्रत्येकाला नवं पातं, प्रत्येकाला धुतलेला टॉवेल. आणि नजर अशी की टाळूवरचा चट्टा गिऱ्हाइकाच्या बायकोआधी त्याला दिसायचा. "हे तेलाने जाणार नाही, डॉक्टरला दाखवा," असं सांगून त्याने कितीजणांना वेळेवर दवाखान्यात धाडलं असेल. म्हणजे आजार ओळखायला त्याला येत होतं. फक्त डोकी सोडून त्याची नजर दुसरीकडे जात नव्हती.

माझ्याकडे बघणारी होती ती त्याची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणत होतो. मी मनातल्या मनात. ती रोज सकाळी येऊन केस झाडायची, टॉवेल धुवायची आणि रबरी नळीने माझ्या टाकीतलं निम्मं पाणी काढून ताजं भरायची. टाकीवर एक दिवा होता, त्याच्या उजेडात एक सपाट दगड. आणि ताईने मला एक हलका पांढरा चेंडू दिला होता, टेबलावर खेळतात तसला. मी तो नाकाने ढकलत दगडापर्यंत न्यायचो, तो निसटायचा, मी परत मागे लागायचो. ताईने काचेवरून बोट फिरवलं की बोटामागे इकडून तिकडे पोहायचो. ती दाण्यांची डबी हलवायची आणि मी चेंडू तिथेच टाकून धावत यायचो. ताई म्हणायची, "बघा, खेळ सोडून जेवायला येणारा या घराण्यात हा एकटाच!"

काही वेळा मी दगडावर मान लांब करून, चारी पाय मागे ताणून पडायचो. बाकावरचं कोणीतरी ओरडायचं, "अहो, मेलं हे!"

"ऊन खातंय ते," ताई केरसुणी न थांबवता म्हणायची. "तुम्ही नाही का खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत? आम्ही म्हणतो का काही?"

पाठीच्या कवचाचे पातळ पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगले तेव्हा फेसदादा घाबरला होता. ताईने एक पापुद्रा बोटावर घेऊन उजेडात धरला. "जुनी कात टाकतंय. तुझ्या गिऱ्हाइकांना कोंडा होतो तेव्हा तू रडतोस का?" तर मित्रांनो, माझं चांगलं चाललं होतं. मला बघणारं एक माणूस होतं.

मग ताईच्या मुलीचं बाळंतपण आलं. तीन महिन्यांसाठी ताई परगावी निघाली. जाताना म्हणाली, "एक दिवसाआड निम्मं पाणी बदल. दिवा दिवसभर सुरू ठेव. बाकी त्याचं काही मागणं नाही."

"जा गं तू निवांत," फेसदादा म्हणाला. "मला काय त्याची हजामत करायची आहे?"

थंडीचे दिवस होते. एका सुट्टीच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि नेमका पहिल्या आरशावरचा दिवा गेला. फेसदादाने माझा दिवा काढला आणि तिकडे लावला. मला म्हणाला, "आजचा दिवस चालवून घे रे बाबा. उद्या आणतो दुसरा." दीड महिना उलटला तरी तो उद्या आला नाही. पाण्याचंही तेच झालं. निम्मं पाणी एक दिवसाआड बदलायचं ते आधी आठवड्याने, मग आठवण झाली तर.

आता त्या पाण्याबद्दल सांगतो. नाक धरा. त्यावर केस तरंगत. सकाळी उठलं की मला कळायचं, काल शेवटचं डोकं काळं होतं की पांढरं. केसांवर पावडर, पावडरीवर साबणाचा तवंग. कोणी बिस्किटाचा तुकडा टाकायचं. तो फुगायचा, फुटायचा आणि तळाशी जाऊन पांढऱ्या बुरशीची गादी व्हायचा. एका सुटाबुटातल्या माणसाने चघळून झालेलं च्युइंगगम टाकलं. दुसऱ्याने बसल्या बसल्या नखं कापली आणि इकडे तिकडे बघून ती हळूच माझ्याकडे सरकवली. दगडावर इतका बुळबुळीत थर चढला की मी वर चढायचो आणि घसरून पडायचो. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: मी ज्यात राहतो तेच पितो.

आधी माझी भूक गेली. मग नाक चोंदलं. मग छातीत उजव्या बाजूला काहीतरी साठत गेलं, जड आणि चिकट. तुम्हाला असं झालं तर तुम्ही खोकता, थुंकता, आईला हाक मारता. आम्हा कासवांना खोकता येत नाही. जे आत साठेल ते आतच राहतं. मला उजवीकडे कलून तरंगावं लागे. डावी बाजू पाण्याच्या वर, उजवी खाली. श्वासासाठी मान उंच ताणायची, तोंड उघडायचं, आणि आतून चपलेच्या ओल्या तळव्यासारखा चुईचुई आवाज यायचा. गार पाण्यात वर राहवत नव्हतं म्हणून तळाशी जायला पाय मारायचो, तर गोल फिरून पुन्हा वर. नाकातून शेंबडाचे बुडबुडे.

फळांची गाडी लावणारा एकजण दाढीला बसला होता. रेडिओवर उडतं गाणं लागलं होतं. तो एकदम ओरडला, "दादा, तुमचं कासव नाचतंय!"

सगळा बाक उठून माझ्याभोवती आला.

"खरंच की! ताल धरलाय बघा."

"अहो, नाकाला बघा काय आलंय! फेस काढतंय ते!"

"दादाच्या हाताखाली तयार झालं. आता तुम्ही घरी बसा दादा, हे दुकान चालवेल."

लोक पोट धरून हसले. फेसदादा आधी नुसता बघत राहिला, मग तोही हसला. इतकी वर्षं त्याच्या फेसाचं कौतुक होत होतं, पण ते तोंड पुसेपर्यंतचं. आता दुकानाला एक कासव होतं, जे मालकाची नक्कल करत होतं. त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

मित्रांनो, आता त्यानंतरचे दिवस सांगतो. लोक केस वाढलेले नसताना यायला लागले. माझं नाव डान्सर पडलं. मोबाइल समोर धरून माझं चित्रण व्हायला लागलं. काचेवर टिचक्या, काचेवर तळहात, काचेला चिकटलेली नाकं. एका बाईने आपल्या बाळाला काचेचा पापा घ्यायला लावलं. ती लाळ दोन दिवस काचेवरून ओघळत होती. एकदा फेसदादाने ब्रश साबणात घोळून माझ्या पाठीवर फेसाचा डोंगर केला आणि कंगव्याच्या पाठीने तो भादरला. नाकात शेंबूड, पाठीवर साबण, आणि दोन आरशांत वीस आजारी कासवं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला जेवढी किळस आली तेवढी बुरशीची आली नव्हती. बुरशीला निदान डोळे नसतात.

त्या गर्दीत एक माणूस हसला नाही. तो गवंडी होता. दर आठवड्याला दाढीला येई, सगळे त्याला काका म्हणत. नखांत सिमेंट, भुवया पांढऱ्या. एक दिवस तो माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. गालांवर फेस चढला होता. तो एक डोळा मिटून माझ्याकडे बघत राहिला.

"दादा, तुमचं कासव ओळंब्यात नाही."

"कशात नाही?"

"ओळंब्यात. आम्ही दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का बघतो ना, तसं बघतोय मी. हे उजवीकडे कललंय."

"नाचतंय ते काका."

"गेल्या आठवड्यातही उजवीकडेच होतं. नाचणारा माणूस इकडे झुकला की तिकडेही झुकतो. भिंत कायम एकाच बाजूला कलायला लागली तर आम्ही तिला नाच म्हणत नाही. खालून माणसं बाहेर काढतो."

बाकावर हशा पिकला. फेसदादाला ते लागलं. तो वस्तरा पुसत म्हणाला, "भिंती तुम्ही बघा, कासव मी बघतो."

"बघता ना? मग काल त्याने काय खाल्लं?"

"दाणे टाकले की मी सकाळी."

"टाकलेत. खाल्ले का?"

फेसदादाने टाकीच्या तळाकडे पाहिलं. चार दिवसांचे दाणे तिथे फुगून पडले होते.

काका उठला. तोंडावरचा फेस तसाच. त्याने केसांच्या जाळ्यात अडकलेला माझा चेंडू काढला, पुसला आणि माझ्या नाकासमोर सोडला. चेंडू मला येऊन लागला. माझा चेंडू! मला तो नको होता. मला कोणीही नको होतं. तोंड लपवावं म्हणून मी खाली जायला पाय मारले. निम्म्यावरून परत वर आलो. पुन्हा पाय मारले, पुन्हा वर. तिसऱ्यांदा गोल फिरलो. चौथ्यांदा उलटा होता होता वाचलो.

"वा!" बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली.

"टाळ्या नका वाजवू," काका म्हणाला. "त्याला खाली जायचंय आणि जाता येत नाहीये."

फेसदादाने रेडिओ बंद केला, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या श्वासाचा चुईचुई आवाज सगळ्यांना ऐकू गेला. फेसदादाने खिशातून मोबाइल काढून ताईला लावला. हात ओले होते म्हणून आवाज मोठा ठेवून फळीवर ठेवला.

"ताई, हे कासव आधी कधी नाचायचं का गं?"

"नाचायचं? कासव आहे ते. चेंडू ढकलायचं."

"तसं नव्हे. एका बाजूला कलून, गोल गोल. आणि नाकातून फेस."

पलीकडे बाळ रडत होतं.

"डबी हलवली तर येतं का?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील... दोन-तीन आठवडे."

"आणि तू काय करत होतास?"

फेसदादाने बाकाकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं. "आम्ही हसत होतो, ताई," तो म्हणाला.

"हात घाल आणि उचल त्याला," ताई म्हणाली. "आत्ता. गिऱ्हाइकं गेली खड्ड्यात."

त्याने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. बुळबुळ त्याच्या बोटांना लागली, केस मनगटाला गुंडाळले गेले. मला बाहेर काढून त्याने हात नाकाशी नेला आणि त्याला उमासा आला. दिवसातून चाळीसदा हात धुणारा माणूस तो. त्याच्या चेहऱ्यावर मी माझीच शिसारी पाहिली. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण निदान आता आम्ही दोघं होतो.

"काका, तुमची दाढी..."

"मी पुसतो माझं तोंड. तुम्ही पळा!"

जनावरांची डॉक्टर एक बाई होती, आवाजाने करडी. तिने चिमट्यासारख्या बोटांनी माझं तोंड उघडलं. आत चिकट तारा लोंबत होत्या.

"किती दिवस असं आहे?"

"तीन आठवडे. आम्हाला वाटलं, खेळतंय."

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

"सगळ्यांनाच."

"सगळ्यांना स्वतःचं नाक आहे ना? त्यातून बुडबुडे आले की आपण काय करतो, गाणं लावतो?" तिने माझ्या छातीला नळी लावली. "उजव्या फुफ्फुसात घाण भरलीय, म्हणून ती बाजू जड झाली. आणखी चार दिवस नाचवलं असतंत तर बुडून मेलं असतं. कासव बुडतं हे तरी ऐकलंय का कधी?"

"जगेल ना?"

"आज सांगता येणार नाही. पाणी गार का झालं? दिवा नाही याला?"

"आहे."

"कुठे?"

फेसदादा जमिनीकडे बघत म्हणाला, "आरशावर."

पुढचा महिना मी फेसदादाच्या घरी, उबदार खोक्यात काढला. एक दिवसाआड दवाखान्यात जाऊन पुढच्या पायात सुई. घशात घट्ट औषध, ज्याची चव अजून जिभेवर आहे. एकदा औषध पाजताना मी फेसदादाचं बोट चावलं. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. डॉक्टरीणबाई मात्र खूश झाली. "चावलं? छान. आता वाचेल," ती म्हणाली.

आठ दिवसांनी ताई आली. मुलीजवळ तिच्या सासूला ठेवून, चार दिवसांची सुट्टी काढून. तिने टाकी रिकामी केली. तळाचा गाळ बादलीत ओतून ती बादली भावासमोर ठेवली आणि म्हणाली, "वास घे." त्याने घेतला. "दिवसाला तीस माणसांच्या तोंडाला तू हात लावतोस. याच्या तोंडाकडे एकदा नाही बघितलंस." एवढंच बोलली आणि दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

मी वाचलो. उजवी बाजू अजून थोडी कमजोर आहे. थंडीत दम लागतो. पण सरळ पोहतो. टाकीला जाळीचं झाकण आलं, नवा दिवा आला. फेसदादाचं मात्र दुसरंच सुरू झालं. मी दगडावर पाय ताणून पडलो की गिऱ्हाईक अर्ध्यात सोडून मला टॉवेलात गुंडाळून पळायचा. पापुद्रा सुटला, पळ. जांभई दिली, पळ. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाली, "हे खातंय, चावतंय, दोन्ही बाजूंनी सारखं तरंगतंय. याला घरी नेऊन ऊन खाऊ द्या. आजारी तुम्ही दिसता." तेव्हापासून तो घाई करत नाही. सकाळी दुकान उघडलं की वस्तऱ्याला हात लावण्याआधी माझ्यासमोर उभा राहतो आणि डबी हलवतो. मी आलो की मग त्याचा दिवस सुरू होतो.

एकदा एक नवा माणूस केस कापायला आला. त्याने कोणाच्या तरी मोबाइलवर मला पाहिलं होतं. फेसदादाने अर्धं डोकं कापलं असेल, तेवढ्यात तो म्हणाला, "तो डान्सर हाच का? लावा ना गाणं."

"नाचत नाही ते. आजारी होतं तेव्हा."

"असेना का आजारी, मजा यायची. थांबा, मी नाचवतो." आणि त्याने खुर्चीतून वाकून अंगठीच्या बोटाने काचेवर टकटक केलं. मी मान आत घेतली.

फेसदादाने कात्री खाली ठेवली, त्याच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं आणि झटकलं.

"उठा."

"अहो, अर्धंच झालंय!"

"उरलेलं दुसरीकडे करून घ्या. रस्त्यात लोक हसले तर सांगा, मजा आहे."

तो माणूस डोक्यावर हात धरून निघून गेला. बाकावर दोघं बसले होते; ते आपापल्या चपलांकडे बघत राहिले. फेसदादा हात धुवायला आत गेला.

मित्रांनो, मी त्याला पूर्ण माफ केलं आहे असं समजू नका. साबणाचा वास जवळ आला की माझी मान आपोआप आत जाते. पण माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात पाळलेलं कासव असेल, ससा असेल, पक्षी असेल, आणि तो काही गमतीचं करत असेल, तर हसण्याआधी त्याला जेवायला बोलवा. खेळ टाकून आला तर खुशाल हसा, त्यालाही आवडेल. येता येत नसेल तर मोबाइल खिशात ठेवा, त्याला कोरड्या कापडात घ्या आणि पळा. आणि प्राण्याला हात लावल्यावर तुम्ही हात धुता, तसे लावण्याआधीही धुवा. घाण दोन्हीकडून लागते.